पांगाऱ्याच्या पानांतला चोर
सॅनिटायझरचा वास आला की मला मुलुंडच्या आमच्या कॉलेजातली स्पिरिटची बाटली आठवते. सोसायटीतल्या पांगाऱ्याची पानं गाठी येऊन वाकडीतिकडी झाली होती आणि सेक्रेटरीकाका झाडच तोडायला निघाले होते. त्यांच्याकडून महिनाभराची मुदत मागून मी तसली पानं बरणीत घातली आणि बरणीच्या तोंडाला मलमलीचा कपडा बांधला. चार दिवसांनी गाठींना भोकं पाडून तिळाहून बारीक गांधीलमाश्या बाहेर आल्या. सापडला चोर! दहा-बारा माश्या स्पिरिटमध्ये बुडवून मी कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमना दिल्या. पाकिटावरच्या बारकोडसारखी प्रत्येक जातीची डीएनएमध्ये खूण असते, ती त्या जुळवून बघणार होत्या. मुदत संपता संपता मॅडमनी हाक मारली. "अगं, चोर म्हणून पोलीसच धरून आणलास! गाठी करणारी माशी वेगळीच. ही तिची अळी खाते आणि तिच्याच गाठीतून बाहेर पडते." मी धावत जाऊन काकांना सांगितलं. ते वर झाडाकडे बघत म्हणाले, "खाऊ दे ना मग. बघू या." पांगारा अजून उभा आहे. मला मात्र राहून राहून वाटतं, त्या माश्या बुडवून मारल्या नसत्या, तर त्या झाडाच्याच बाजूच्या होत्या हे कळलं कसं असतं?