कोरडी फक्की

श्वास आत जाईना. इसबगोलची भुसी घशात जाऊन फुगली होती आणि मी ओट्याची कड धरून उभी होते. खोकायलाही हवा लागते, तीच नव्हती. पेल्यात घोटभर पाणी होतं, ते तोंडात घेतलं तर नाकातून परत आलं. सून घरामागे कपडे वाळत घालत होती. हाक निघेना, म्हणून मांडणीवरची ताटं एका हाताने खाली ओढली.

"अवं माय!" म्हणत ती धावत आली. मला कमरेत वाकवलं आणि पाठीत हाताच्या बुडाने मारू लागली, अंगात होता तेवढा जोर लावून. पाचव्या की सहाव्या फटक्याला चिकट गोळा फरशीवर पडला आणि हवा आत गेली. थोडा गोळा खाली अन्ननलिकेत अडकला होता, तो दवाखान्यात नळी टाकून काढला.

हे सारं गुडघ्यांपायी. डॉक्टर म्हणाला होता, दहा किलो उतरवा, मग ऑपरेशनची तारीख देतो. मला ती तारीख पाहिजे होती. दोन वर्षांपासून संडासातून उठवायला सून लागत होती आणि ते मला सहन होत नव्हतं.

दवाखान्यातल्या आहार सांगणाऱ्या मुलीने समजावलं होतं. ज्वारीची भाकर, पालेभाजी, मोड आलेली मटकी खा, संत्र्याचा रस न पिता फोडी खा. जेवणाआधी एक चमचा इसबगोल पेलाभर पाण्यात घोळून लगेच प्या, वरून आणखी पाणी प्या. पोट भरल्यासारखं राहील. "हळूहळू उतरेल, आजी."

हळूहळू मला जमत नव्हतं. खिडकीत जायचं, दारात जायचं, परत खिडकीत. बसलं की गुडघे दुखत, उभं राहिलं की जास्त दुखत, आणि भूक नसताना हात चिवड्याच्या डब्याकडे जाई. आमच्या नंदनवन वस्तीत गल्लीच्या तोंडाशी भंगारवाला आहे. रोज सकाळी मी त्याच्या काट्यावर जाऊन उभी राहायचे.

"आजी, आज काय भाव लावू?"

"लोखंडाचा लाव. रद्दीत टाकशील तर पाहून घेईन तुले."

दोन आठवड्यांत एकच किलो उतरला. मी एका चमच्याचे तीन केले.

आणि पाणी तोडलं. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, म्हणजे परत सुनेला हाक. गुडघे गेलेल्या बाया असंच करतात, पण डॉक्टरला कोणी सांगत नाही. मी भुसीची ओव्यासारखी कोरडीच फक्की मारायचे, वर एक घोट. सुनेने पाहिलं होतं.

"आई, पाण्यात घ्या ना. कोरडं काहून खाऊन राहिल्या?"

"तू मले शिकवून राहिली का?"

मी चौथीपर्यंत शिकले. पण आम्ही विणकर, अर्धं आयुष्य मी सुताला लावायची खळ शिजवली. पाणी कमी पडलं की खळीचा गोळा होतो आणि पळी हलत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी तेच पोटात घातलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर सून मोठा पेला भरून समोर बसली.

"प्या. पूर्ण."

"मंग बाथरूमले कोण नेईन?"

"दोन वर्षं कोण नेऊन राहिलं? एकदा तरी पाडलं का तुम्हाले?"

पाडलं नव्हतं. मी प्यायले. थोड्या वेळाने तिला हाक मारली, ती आली आणि हात धरून घेऊन गेली.

डॉक्टरने इसबगोल बंद केला. आता भाकर, अंबाडीची भाजी, मटकी आणि पाणी. तीन महिन्यांत चार किलो उतरले. तारीख अजून मिळालेली नाही, आणि मी अजून घरभर फिरतेच.

मला मारून मारून सुनेच्या हाताला चार दिवस सूज होती. सोसलं तिने, वाचले मी.