मान धरणारे हात

या सदरातील अनुभव मी वाचतो ते दोष काढण्यासाठी. बहुतेकांचा उलगडा अपुरी झोप, ताप किंवा अंधार यांत होतो. माझा अनुभव भर दुपारचा, लख्ख उजेडातला आहे, आणि त्या वेळी मला ताप नव्हता. म्हणून लिहितो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही.

मी भूलतज्ज्ञ. आता निवृत्त असून दुबईच्या बर दुबई भागात मुलाकडे राहतो. घटना रास अल खैमा या अमिरातीतील इस्पितळातली, माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षातील. शुक्रवारची दुपार, नमाजाची वेळ. इमर्जन्सीत माणसे मोजकीच. सिमेंट कारखान्याची बस आणि ट्रेलर यांची धडक होऊन दोन जखमी एकदमच आले. एकाचे हृदय थांबले होते. सगळे पडद्यापलीकडे त्याच्यापाशी धावले. दुसरा माझ्याकडे आला... इरफान, मूळचा श्रीवर्धनचा, कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवणारा. डोक्याला जबर मार, शुद्ध नाही, तोंडात रक्त, श्वास घोरल्यासारखा आणि अडखळत.

अशा रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी घालून त्याला श्वास द्यावा लागतो. उशीर झाला तर आधीच दुखावलेल्या मेंदूला प्राणवायू पुरत नाही. मात्र डोक्याला एवढा मार बसला असेल तर मानही मोडलेली असू शकते, आणि नळी घालताना ती हलली तर माणूस मानेखाली कायमचा लुळा पडू शकतो. म्हणून मानेला आधार देणारी कॉलर पुढून उघडतात आणि एकजण केवळ डोके धरून राहतो. नळी घालणाऱ्याने सांगितल्याखेरीज त्याने हात काढायचे नाहीत. हा नियम मी कडकपणे पाळायला लावत असे.

डोके धरण्याचे काम बिनू या टेक्निशियनचे. सिस्टर लीलाम्मा माझ्या उजवीकडे, औषधांपाशी होत्या. मी म्हणालो, "बिनू, सिर पकडो."

बाजूने दोन हात आले आणि इरफानच्या कानांवर बसले. हातांत ग्लोव्हज नव्हते. नखांच्या कडांत पांढरी धूळ होती. याबद्दल नंतर बोलायचे, असे ठरवून मी वर पाहिले नाही. त्या वेळी नजर घशावरून काढता येत नाही. औषध गेले. घसा पाहण्याच्या उपकरणाच्या ब्लेडने जबडा उचलला की डोके मागे कलू पाहते. येथे ते कलले नाही. माझ्या जोराला तेवढाच उलटा जोर मिळत होता — ना कमी, ना जास्त. इतकी स्थिर पकड मी पूर्वी अनुभवली नव्हती. रक्त ओढून घेतले, स्वरतंतू दिसले, नळी गेली. मॉनिटरवर उच्छ्वासाची लाट उमटली.

नळी बांधून कॉलर मिटवू लागलो, तेव्हा हात तेथे नव्हते.

"बिनू, मेरे बोले बिना छोडा क्यों?"

"सर, बिनू तो कब से उधर है," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी पडदा सरकवला. बिनू दुसऱ्या रुग्णाची छाती दाबत होता. घामाने निथळत होता.

"तो सिर किसने पकडा?"

"मैं मॉनिटर देख रही थी, सर. मुझे लगा, कोई होगा."

पडद्यापलीकडचा जखमी वाचला नाही. इरफानची मान स्कॅनमध्ये मोडलेली निघाली. ती तसूभर हलली असती तरी पुरे होते. सर्जनने चित्र पाहून विचारले, "हू हेल्ड द हेड?"

"असिस्टंट," मी म्हणालो.

मानेची शस्त्रक्रिया झाली. इरफान शुद्धीवर आला, हातपाय हलवू लागला. यथावकाश कॉलर निघाली आणि मान वळवण्याची परवानगी मिळाली. पण तो वळवीना. फिजिओथेरपिस्टने खटपट केली. स्नायूंत दोष सापडला नाही. भीती असेल, असे सर्वांनी ठरवले. मान वळत नसलेल्या माणसाला फोर्कलिफ्टवर कोणी बसवत नाही. कंपनी त्याला घरी पाठवण्याच्या तयारीत होती.

मी भेटायला गेलो, तेव्हा त्याचा थोरला भाऊ सलीम पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. दुसरीकडे उभा राहिला तर तो इरफानला दिसत नसे.

"बघा डॉक्टरसाहेब, नवरदेवासारखा ताठ बसलाय. सेहरा तेवढा आणायचा राहिलाय."

"भाई, तू गप रे." मग इरफान माझ्याशी बोलला. "साहेब, मी भीत नाही. कुणीतरी धरून ठेवलंय. दोन्ही कानांवर हात आहेत. दुखत नाही... पण सोडत नाहीत."

"हात कसे आहेत?"

"खरखरीत. कामाचे."

त्या हातांविषयी मी लीलाम्मांखेरीज कोणाशी बोललो नव्हतो, आणि त्यांच्याशीही ते कसे होते याबद्दल नव्हे.

"फुंकर घालायला मौलाना आणू का?" सलीमने हळूच विचारले.

"थांबा जरा."

मी उशाशी गेलो. त्या दुपारी उभा होतो तसा उभा राहिलो. कोठे पाहावे ते कळेना.

"काम हो गया," मी म्हणालो. "अब छोड दीजिए."

बिनूला मी कधी 'दीजिए' म्हटले नव्हते.

इरफानने श्वास सोडला. सावकाश त्याने मान डावीकडे नेली, मग उजवीकडे. सलीम तोवर पायथ्याकडून बाजूला आला होता.

"भाई," इरफान म्हणाला, "बाजूनं तुझं पोट केवढं दिसतं."

सलीमने पोट आत ओढले. मी खोलीबाहेर आलो.

माझी नात मेडिकलला आहे. "आजोबा, इट्स जस्ट सजेशन," ती म्हणते. मेंदूला मार बसला होता, त्याला भास झाला, माझ्या शब्दाने तो गेला. हे उत्तर पटण्यासारखे आहे — इरफानपुरते. मी जबडा उचलला, तेव्हा पलीकडून लागलेला जोर कोणाचा, हे तिला सांगता येत नाही. मलाही येत नाही. नखांतल्या सिमेंटसारख्या धुळीवरून ते हात कोणाचे, हे ठरत नाही. त्या भागात कामाला जाणाऱ्या कितीतरी हातांवर ती असते.

पुढे निवृत्त होईपर्यंत मी एकच बदल केला. नळी बसली, कॉलर मिटली की, डोके धरायला बिनू असो वा दुसरा कोणी, मी मोठ्याने "छोड दीजिए" म्हणत असे. म्हातारपणी साहेब मऊ झाले, असा बिनूचा समज झाला. तो मी तसाच राहू दिला.