भामरे सरांची बोली

विद्यार्थ्याच्या हातात कॅमेरा देण्याआधी भामरे सर त्याला कॅमेऱ्यासमोर उभं करायचे. एक मिनिट, घड्याळ लावून. बोलायचं नाही, हसायचं नाही, नुसतं उभं राहायचं. मग ते मिनिट वर्गातल्या टीव्हीवर सगळ्यांना दाखवायचे. आपले हात असे लोंबकळतात, आपण असे बावळट दिसतो, हे पाहताना जीव नकोसा व्हायचा. "लाज वाटली ना? वाटू दे," सर म्हणायचे. "उद्या तू दुसऱ्याला असंच उभं करशील. तेव्हा ध्यानात ठेव."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका कॉलेजात आम्ही अठरा जण पत्रकारितेची पदविका करत होतो आणि त्यात लघुपटाचा एक विषय होता. तो शिकवायला सर आठवड्यातून दोनदा सटाण्याहून एसटीने यायचे. मूळ धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा. अर्ध्या बाह्यांचा सफारी, खांद्याला कॅमेऱ्याची पेटी. एसटीत ती पेटी ते कधी खाली ठेवत नसत, मांडीवर घेऊन बसत. पुस्तकी शब्द त्यांच्याकडे नव्हते. 'क्लोजअप'ला ते 'जवळ जाणं' म्हणत. "जवळ जायच्या आधी विचारायचं, की त्या माणसाला आपण जवळ आलेलं चालणार आहे का," असं एकदा म्हणाले होते. आम्ही ते वहीत उतरवून घेतलं नाही, कारण परीक्षेत येण्यासारखं नव्हतं.

वर्गात ते प्रमाण मराठी बोलायचा कसोशीने प्रयत्न करत. पण शॉट मनासारखा झाला की तोंडून निघायचं, "बरं शे!" आणि कुणी कॅमेरा हलवला की, "काय करी ऱ्हायना भो?" मागच्या बाकांवर खसखस पिकायची. मीही हसायचे. सगळ्यांपेक्षा थोडी जास्तच.

कारण मी देवळ्याजवळच्या एका खेड्यातली. आमच्या घरात हीच अहिराणी. कॉलेजच्या पहिल्याच आठवड्यात कॅन्टीनमध्ये माझ्या तोंडून 'मला'ऐवजी 'माले' गेलं आणि होस्टेलच्या मुली दोन दिवस मला 'माले' म्हणून हाक मारत होत्या. त्यानंतर मी जीभ घासूनपुसून घेतली. होस्टेलबाहेरच्या कुणी गाव विचारलं तर सांगायचे, "नाशिकच." आईचा फोन आला की रिसीव्हरला तोंड लावून हळू बोलायचे.

वर्षअखेरीला प्रत्येक गटाने पाच मिनिटांची फिल्म करायची होती. आमच्या गटातला केदार शहरातल्याच गंगापूर रोडचा, नाटकांत काम करणारा. तो म्हणाला, "सरांवरच करू ना! लग्नाचा शूटिंगवाला कलात्मक सिनेमा काढायला निघतो." कल्पना सगळ्यांना आवडली. पण केदारला ती बोली जमेना. काहीतरी भलतंच, टीव्हीवरच्या गावठी नोकरासारखं बोलायचा. न राहवून मी म्हटलं, "असं नाही," आणि ते वाक्य म्हणून दाखवलं. सगळे टाळ्या पिटत हसले. मग दोन दुपारी बसून सगळे संवाद मीच लिहिले.

"तुला कसं गं इतकं अचूक जमतं?" केदारने विचारलं.

"निरीक्षण," मी म्हणाले.

फिल्म जोडायची ती दोन व्हीसीआर एकमेकांना लावून, आणि ते काम सरांशिवाय कुणाला येत नव्हतं. हे आमच्या ध्यानात आलं तेव्हा केदारला अचानक ताप आला. मी एकटीच कॅसेट घेऊन गेले. सरांनी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली. केदारचा सफारी, केदारची पेटी, "एक मिनिट उभा ऱ्हाय." कॅसेट मागे फिरत असताना त्यांनी विचारलं,

"हे बोलणं कोणी लिहिलं?"

"मी."

"गाव कोणतं तुझं?"

"नाशिकच, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नाशिकच्या माणसाला हे असं लिहिता येत नाही," एवढंच म्हणाले आणि मशीनकडे वळले. थोड्या वेळाने म्हणाले, "इथं लवकर तोडलंस. लोक हसतील, त्यांना हसायला वेळ दे. दोन सेकंद वाढव."

तीन तास बसून त्यांनी ती फिल्म नीट केली. त्यांची टिंगल जिथे लंगडी होती, तिथे ती त्यांनी दोन पायांवर उभी केली. मी शेजारी बसून कॅसेटवर चिकटवायची चिठ्ठी लिहीत होते.

शेवटच्या दिवशी सभागृहात घरच्या लोकांनाही बोलावलं होतं. माझ्या घरी मी कळवलंच नव्हतं. सर मुलीला घेऊन आले होते. दहाएक वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी. ती सगळ्यांना सांगत होती, "माझे पप्पा सिनेमा शिकवतात." आमची फिल्म लागली. बरोबर त्या दोन सेकंदांना सभागृह फुटलं. प्राचार्य डोळे पुसत हसत होते. मुलगीही हसली. मग तिने वर वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि थांबली. मी बाजूच्या रांगेतून हे पाहिलं. आम्हाला पहिला नंबर मिळाला. सरांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी सरांना बोलावलं नाही. प्राचार्य म्हणाले होते म्हणे, "भाषा चांगली असलेला माणूस बघू." केदारने हे मला हसत हसत सांगितलं. तोवर मला शहरातल्या एका केबल चॅनलवर नोकरी लागली होती, तीही ती फिल्म दाखवूनच.

सात-आठ वर्षांनी मावसभावाच्या लग्नाला देवळ्याला गेले. मांडवात मावशीशी मनमोकळी अहिराणी बोलत होते आणि मागे वळले, तर सर. केस पांढरे झालेले, खांद्यावर नवा, लहान कॅमेरा. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पळायला जागा नव्हती.

"सर, मी इथलीच," मी म्हणाले. "तेव्हा खोटं बोलले. त्या फिल्मचंही... मला माफ करा."

"ठाऊक होतं मला."

"मग त्या दिवशी रागावला का नाहीत?"

"तू परीक्षेला बसली होतीस. फिल्म दुरुस्त करणं माझं काम." ते कॅमेऱ्याची बॅटरी बदलू लागले. "माझं काही नाही गं. लग्नं भरपूर मिळतात. पोरगी मात्र त्या दिवसापासून घरात अहिराणी बोलली नाही. मी काही विचारलं तर शुद्ध मराठीत उत्तर देते. माझ्या आईशीसुद्धा तसंच बोलायची. म्हातारीला निम्मं कळायचं नाही. शेवटी शेवटी ती माझ्याकडे बघून विचारायची, काय म्हणते रे ही?"

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. शॉटमधली चूक सांगावी तसं सांगितलं.

"ओ शूटिंगवाले, चला, नवरी मांडवात आली!" कुणीतरी ओरडलं. सर गर्दीतून वाट काढत निघून गेले. नंतर पंगतीत मी त्यांना शोधलं, तर ते दुसऱ्या लग्नाला गेले होते.

माफी मागायची राहून गेली, असं मला म्हणता येत नाही. मागितली होती. पण ती जिची मागायला हवी होती, तिचं नावसुद्धा मी सरांना विचारलं नव्हतं.