लोअर हटमधला कॅलिग्युलाचा खटला

२०१७च्या मार्चमध्ये मी न्यूझीलंडला निघाले ती एका रोमन सम्राटाचं वकीलपत्र घेऊन. लोअर हटला माझी ताई राहते. तिथल्या मराठी मंडळाच्या अभिरूप न्यायालयात त्या वर्षीचा आरोपी होता कॅलिग्युला: घोड्याला मोठं पद देऊ पाहणारा, सैनिकांना शिंपले वेचायला लावणारा, वेडा म्हणून बदनाम. 'तो वेडा नव्हता' ही माझी पुस्तिका पुण्यात संपादकांनी अडवली होती. "चार माणसांना पटवून ये, मग छापू," म्हणाले. मी लहानपणापासून राजेशाहीविरोधी पत्रकं वाटत आले आहे. पण आरोपीची बाजू न ऐकता दिलेली शिक्षा मला सम्राटाच्या बाबतीतही चालत नाही.

वेलिंग्टनच्या वाऱ्यात विमान असं हललं की शेजारच्या गोऱ्या आजोबांनी माझा हात घट्ट धरला. उतरल्यावर म्हणाले, "स्वीट ॲज" (म्हणजे झकास).

दुसऱ्या दिवशी ताईने पिटोनीच्या किनाऱ्यावर नेलं. करडा समुद्र, पलीकडे टेकड्या, बोचरी थंडी. मी पुरावा म्हणून शिंपले वेचू लागले.

"लोक बघतायत गं."

"बघू देत. शिंपले वेचणारा माणूस वेडा दिसतो का, तेच तपासायचंय."

"दिसतो," ताई म्हणाली.

शनिवारी हॉलमध्ये आधी बटाटेवडे, मग पावलोवा (अंड्याच्या फेसाचा गोड केक), मग न्याय. न्यायाधीश कुमुदकाकू, निवृत्त डॉक्टर. फिर्यादी पक्षाचे वकील आमचे भावजी.

मी सांगितलं, याचं चरित्र वैऱ्यांनी लिहिलं, तेही बरंचसं तो मेल्यावर. घोड्याचं प्रकरण ही दरबाऱ्यांची टिंगल असेल. गादीवर आल्यावर तो फार आजारी पडला होता, पण कशाने ते कोणालाच ठाऊक नाही.

एवढं पुरे झालं. हॉलचा दवाखाना झाला.

"फिट येत असणार."

"थायरॉईड. आमच्या जाऊबाई अश्शाच चिडायच्या."

"पित्त हो. उपाशीपोटी राज्य केलं की होतं."

काकूंनी टेबलावर लाटणं आपटलं. "पेशंट समोर नसताना निदान करायचं नाही."

भावजी उठले. "वकीलबाई, तो वेडा नव्हता?"

"मुळीच नाही."

"आजाराने डोकं फिरलं?"

"पुरावा नाही."

"म्हणजे शुद्धीवर होता. मग माणसं मारली ती?"

"काही हत्यांच्या गोष्टी वैऱ्यांनी रचल्या असतील."

"आणि उरलेल्या?"

सगळ्याच खोट्या म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता. "शुद्धीवर," मी म्हणाले. ताईने कपाळाला हात लावला.

"वेडेपणाच्या आरोपातून सन्मानाने मुक्त," काकूंनी निकाल दिला, "म्हणूनच खुनांबद्दल पूर्ण शिक्षा."

"जिंकलीस की," भावजी म्हणाले. "अशिलाला फाशी झाली, एवढंच."

परतताना सिंगापूरपर्यंत मी फुरंगटून बसले होते. मग लक्षात आलं, वेडा म्हणून सोडून देणं ही त्याला इतकी वर्षं मिळालेली सवलत होती. ती मीच काढून घेतली.

"पटलं का लोकांना?" पुण्यात कचेरीत गेल्या गेल्या संपादकांनी विचारलं.

"पटलं. म्हणूनच अडकला."

ते बराच वेळ हसले. "छापू. शेवटचं प्रकरण तेवढं नव्याने लिही."

तिथेच कचेरीतल्या बाकावर बसून लिहायला घेतलं, या वेळी फिर्यादी पक्षाकडून.