रत्नपालच्या चपला

सौंदड मागं पडलं होतं आणि कोहमारा अजून लांब होता. सकाळची बस आलीच नव्हती. मे महिन्याच्या उन्हानं डांबर पायाला चिकटत होतं, तरी कुसुमबाई काखेतली पिशवी काही केल्या सुशिलाबाईच्या हाती देत नव्हती. सुशिलाबाई तिची शेजारीण, गुरुजींची बायको, म्हणजे हे लिहिणारी.

"द्या तं इकडं. थकले असान."

"नवऱ्याचं ओझं हाय बाई, मलेच वाहू द्या."

पिशवीत खरंच नवऱ्याचं ओझं होतं: रत्नपालच्या चपला आणि निळा सदरा. रत्नपाल तेवढा नव्हता. कोहमाऱ्याच्या नाक्यावरून तो ट्रक घेऊन रायपूरकडे गेला, तेव्हा खुशबू नुकती भिंत धरून चालू लागली होती. आता तिची सातवी झाली होती. मधल्या काळात ना पत्र, ना फोन, ना कुणाच्या तोंडी निरोप.

कुसुमबाई रडत बसणारी नव्हे. घर गावाच्या टोकाला, आत दोघी मायलेकी. तिनं बाजारातून मर्दानी चपला नि निळा सदरा आणला, चपला उंबऱ्याबाहेर मांडल्या. दर दोन-चार दिवसांनी सदरा भिजवून दोरीवर घालू लागली. सांजेला अंगणातून घरात आवाज द्यायची, "अवो, भाजी तिखट झाली का वो?" आणि मग फुगून गप्प राहायची, जशी बायको नवऱ्याचं उत्तर न आवडल्यावर राहते.

आळीही त्यात सामील होती. अनोळखी माणसानं विचारलं की समोरचा केवळराम तोंडातली बिडी न काढता सांगायचा, "हाय ना रत्नपाल. आत्ताच बांधीवर गेला." विहारात पंचशील म्हणताना मात्र चौथं, खोटं न बोलण्याचं शील आलं की कुसुमबाईचा आवाज असा बारीक व्हायचा, की शेजारी बसलेल्या सुशिलाबाईला हात जोडलेले असतानाच हसू दाबावं लागायचं.

मग विहारातर्फे श्रीलंकेला जाणाऱ्या मुलांत खुशबूचं नाव निघालं. पासपोर्ट पाहिजे, आणि त्यासाठी आईबाप दोघांची सही. बाप नसेल तर आईनं प्रतिज्ञापत्र करायचं, की नवरा सोडून गेला, पत्ता माहीत नाही, मूल माझ्याजवळ वाढतं. कुसुमबाईनं केलं. रत्नपालबद्दल इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा खरं बोलली.

आणि तेच अंगाशी आलं. पोलिसांचा जमादार पासपोर्टच्या चौकशीला आला साध्या कपड्यात, तेव्हा मायलेकी तेंदूपानं तोडायला जंगलात गेल्या होत्या. दोरीवर सदरा वाळत होता, दारात चपला. त्यानं समोरच्या घरी बापाबद्दल विचारलं.

"हाय ना रत्नपाल," केवळराम म्हणाला. "आत्ताच बांधीवर गेला."

भर उन्हाळ्यात, भाताच्या बांध्यांना भेगा पडलेल्या असताना तिथं काय करायला, हे जमादारानं विचारलं नाही. बाप घरीच आहे असं टिपून घेतलं नि निरोप ठेवला, उद्या ठाण्यात या, नवऱ्याला घेऊन. हाच अहवाल वर गेला तर पासपोर्ट बुडाला, अन् खुशबूची श्रीलंकाही.

"केवळरामभाऊ, एक दिवस तं खरं बोलायचं होतं!" कुसुमबाई कडाडली.

"मले का मालूम, पोलीस होय का चोर! चोराले सांगतो तेच सांगतलं."

उन्हातून चालत दोघी ठाण्यात पोचल्या, तेव्हा जमादारानं मान वर केली. "नवऱ्याला नाही आणलं?"

"आणला ना साहेब." तिनं सदरा नि चपला टेबलावर ठेवल्या.

"अरे! हे काय?"

"उलट्या करून पाहा."

वरून चपला ऊनपाण्यानं विटलेल्या, पट्टा तडकलेला. पण तळव्याची नक्षी दुकानातून आणल्यासारखी, टाच कुठं तसूभर झिजलेली नाही. सदऱ्याचंही तसंच. धुऊन धुऊन रंग उडालेला, पण कॉलरला घामाची रेघ नाही.

"कोणी घातलंच नाही?"

"नवरा राहता तं घातलं असतं, साहेब. अन् धुवाचा मले कंटाळा आला असता."

जमादार हसला. मग सुशिलाबाईकडे वळला. "खरं बोलते का ही?"

"आज बोलून राहिली," सुशिलाबाई म्हणाली, आणि साक्षीदार म्हणून सही केली.

त्यानं नव्यानं लिहिलं, बाप बेपत्ता. वर दम भरला, "बाई, पासपोर्ट हातात पडेपर्यंत हे दुकान बंद. वरून कोणी बघायला आलं, तर माझी नोकरी जाईल."

कुसुमबाईनं मान डोलावली. चपला पिशवीत घालताना मात्र तिचा हात रेंगाळला.

परतीच्या वाटेवर मोहाच्या झाडाखाली दोघी सावलीत टेकल्या, तेव्हा तिनं पदरानं तोंड पुसलं.

"सुशिलाबाई, तुमचे गुरुजी रोज सांजच्याले पानठेल्यावर जातेत ना?"

"जातेत. काऊन?"

"खुशबूच्या नावाचा पासपोर्ट येऊन रायला, आनंदच हाय. पण तवरोक दार उघडं पडलं न माह्यं. गुरुजीले सांगा ना बाई, माह्या घरावरून जाताना जरा जोरानं खोकलत जात जा म्हणावं."