जीप दोन बोटं वर

आमची जीप लष्करातून बाद झालेली होती. आमच्याकडे येण्याआधी ती दोघा-तिघा ठेकेदारांच्या हातून गेली होती आणि प्रत्येकानं तिच्यावर आपापला हिरवा रंग फासला होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. बाबा नागपुरात वकिली करत, तीही बेताचीच. पण काटोलच्या पुढे आमची संत्र्याची बाग होती. तिथं पोचायचं तर डांबरी रस्ता सोडून काळ्या मातीतून आणि मग एका नाल्यातून जावं लागे. बैलगाड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल, की जीपची चाकं त्यात उतरली की तिचं पोट मधल्या उंचवट्यावर घासत जायचं. नाल्यात तर मागच्या आसाचा लोखंडी गोळा दगडावर असा आपटायचा, की बाबा डोळे मिटून घेत. गाडी चालवणाऱ्यानंच डोळे मिटले तर बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून जीप उंच करून घ्यायचं ठरलं.

बाग बाबांच्या नावावर, पण कारभार आत्याचा. ती बाबांची थोरली बहीण. ऐन तरुणपणी नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमची. आई शाळेत शिकवायला जायची, त्यामुळे मला वाढवलं ते आत्यानंच. तिच्या कुशीत झोपून मी मोठी झाले. आई-बाबा दोघंही तिला बाई म्हणत. आठवड्यातून दोनदा ती बागेत जायची आणि जीपमधली पुढची जागा तिची असायची. तिथं आईसुद्धा कधी बसली नाही. माळ्यापासून व्यापाऱ्यापर्यंत सगळे आत्याच्या जिभेला वचकून असत, बाबाही.

गॅरेजच्या मिस्त्रीनं जीपखाली सरपटून सगळं पाहिलं. चाकांवरचे पोलादी पाटे बसले होते, त्यांचा बाक निघून गेला होता. तो म्हणाला, दोन रस्ते आहेत. पाटे आसाच्या खाली आहेत ते उचलून आसाच्या वर बसवायचे, म्हणजे गाडी एकदम वीतभर उंच होईल. पण मग वळणावर जपावं लागेल. नाहीतर जुने पाटे भट्टीत घालून पुन्हा बाक द्यायचा, वर एकेक जादा पाटा टाकायचा. त्यानं उंची थोडीच वाढेल, पण गाडी शहाण्यासारखी चालेल.

बाबांचा जीव पहिल्या उपायावर जडला. गल्लीतल्या एका जंगल-ठेकेदाराची जीप तशी होती आणि तिच्यातून तो उतरला की सगळे बघत. बाबा चणीनं लहान. वीतभर उंचीचं त्यांना काय वाटत असेल ते मला कळत होतं, पण तसं बोलायची सोय नव्हती.

आत्याला ते मुळीच पसंत नव्हतं. "काहून गा? दारात हत्ती बांधाचा आहे काय?" ती म्हणाली. "दोन बोटं वर कर, लय झालं."

"दोन बोटांनी काय होते, बाई? पोट घासनच."

"घासू दे. गाडीचं घासते, तुह्यं नाही."

शेवटी मिस्त्रीनं तोड काढली. त्यानं जीपला जॅक लावला, दोन बोटं वर उचलली आणि आत्याला म्हणाला, चढून दाखवा. आत्या खाली बघत, उजवा पाय नेमका जागेवर ठेवून, दांडा धरून चढली. मग त्यानं जीप वीतभर उचलली. आता पाय ठेवायची जागा वर गेली, लुगड्याचा घोळ मधे आला. आत्यानं पाय उचलला आणि अंदाजानं ठेवला. तो काठावरच पडला आणि सटकला. मिस्त्रीनं दंड धरला म्हणून बरं. बाबा हसले, मीही हसले.

आत्या हसली नाही. "मले पाय दिसला पाहिजे," ती म्हणाली. "पाय दिसत नसन त्या गाडीत मी बसणार नाही."

म्हातारपण आलं, आणि भीतीला हट्टाचं नाव दिलं, एवढाच अर्थ आम्ही घेतला. बाबांनी तोंड पाडून जादा पाट्याला होकार दिला. जीप दोनच्या जागी तीन बोटं वर येणार होती. पण बहिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नाही आणि तिला त्रासही होऊ द्यायचा नाही, म्हणून त्यांनी तिला न सांगता मिस्त्रीकडून एक लोखंडी पायरी करवून घेतली आणि पुढच्या जागेखाली वेल्डिंगनं जोडून घेतली. त्यांना तिला चकित करायचं होतं. पायरी सायलेंसरच्या नळीला अगदी चिकटून बसली आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जीप दसऱ्याच्या सकाळी मिळाली. बाबा तिला लगेच घरी आणतील तर शपथ. नवे पाटे कसे चालतात ते बघायला ते पार शहराच्या टोकाला, जरीपटक्यापर्यंत जाऊन, तिथल्या बाजारातून हॉर्न वाजवत परत आले. दारात उभी केली तेव्हा ती खरंच ऐटीत दिसत होती. आईनं झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, बाबांनी नारळ फोडला. पहिला मान अर्थातच आत्याचा. बाबांनी तिला पायरी दाखवली आणि आत्याचा चेहरा उजळला. मला तो चेहरा अजून आठवतो.

पुजलेल्या गाडीवर वाहाणा घालून पाय ठेवायचा नाही, अशी आमच्याकडे रीत. आत्यानं चपला काढल्या, गाडीला हात लावून नमस्कार केला आणि उजवा पाय पायरीवर ठेवून उभी राहिली. लगेच आत बसली नाही. समोरच्या घरातल्या काकू सोनं द्यायला आल्या होत्या, त्यांच्याशी ती तिथूनच बोलत राहिली. यंदा आंबिया बहार कसा आला, कुणाच्या बागेत फळं गळली, असं काहीबाही. बोलताना तिचा सगळा भार त्या पायावर होता.

मला वास आला. आधी वाटलं उदबत्तीनं हार पेटला. मग मी खाली पाहिलं. आत्याच्या टाचेजवळून धुराची बारीक रेघ निघत होती.

मी तिला खेचून खाली घेतलं. ती माझ्यावर चिडली. "काय करून राहिली वं? पडली असती ना मी." आम्ही सगळे तिच्या तळव्याकडे बघत होतो. कातडी पांढरी पडून सुटली होती आणि पायरीवर तिचा ठसा उमटला होता. आत्यानं आधी आमच्या तोंडांकडे पाहिलं, मग वाकून आपल्या पायाकडे. तिच्या तोंडून साधं हूंसुद्धा निघालं नाही. जखमेपेक्षा मला त्या गप्प चेहऱ्याची भीती वाटली.

डॉक्टरांनी पाय पाहिला. मग त्यांनी आत्याला डोळे मिटायला सांगितलं. कापसाची वात पायाला लावली की सांगायचं. त्यांनी एकदा लावली, दुसऱ्यांदा लावली, मग टाचणी टोचली. आत्या डोळे घट्ट मिटून वाट बघत होती. "लावा ना आता," ती म्हणाली.

तिच्या पोटरीवर एक फिकट चट्टा होता. तो मी किती वेळा पाहिला असेल, तिला तेल लावताना त्यावरून माझा हात फिरला असेल. डॉक्टर त्याच्यावर बोट ठेवून म्हणाले, महारोग. मग आमचे चेहरे पाहून घाईघाईनं सांगू लागले, की गोळ्या आहेत, बरीच वर्षं घ्याव्या लागतील पण बरं होतं, यांच्यापासून तुम्हाला काही होणार नाही, वेगळं ठेवायचं कारण नाही. ते सगळं मी ऐकलं. पण कानात तो एकच शब्द वाजत राहिला.

संध्याकाळी आईनं फडताळातून एक ताट, एक वाटी, एक पेला काढला आणि न्हाणीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. ही माझी आई. शाळेत मुलांना आरोग्याचे धडे शिकवणारी. इतकी वर्षं आत्याच्या ताटातलं उरलेलं निमूट खाणारी. मला तो धक्का पायाच्या धक्क्याहून मोठा होता.

"आई, डॉक्टरांनी काय सांगितलं?" मी विचारलं.

"डॉक्टरच्या घरी लग्नाची पोरगी नाही," ती म्हणाली आणि भात वाढायला लागली.

आत्यानं सगळं पाहिलं. जेवल्यावर तिनं आपलं ताट आपणच धुतलं आणि कट्ट्यावर ठेवलं, जसं काही ती तिथंच ठेवत आली होती. मग लुगड्यांचं गाठोडं बांधू लागली. बागेत माळ्याजवळ एक रिकामी खोली होती, तिथं राहीन म्हणाली. "पोरीचं जमू द्या. मंग पाहू."

मी रडत होते. तिला विचारलं, हे केव्हापासून आहे.

"झाली असन दोन वर्षं," ती म्हणाली. "चप्पल पायातून निघून जाते अन् मले कळत नाही. मागं वळून पाहते तं रस्त्यात पडली राहते."

"मग बोलली काहून नाही?"

"म्हटलं ना मी. दोन बोटं म्हटलं, पाय दिसला पाहिजे म्हटलं. दिसला तं ठेवता येते. नाही दिसला तं तो कुठी आहे, मले ठाऊक नसते."

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि अंगणात गेले.

सकाळी जीप दारात नव्हती. परत आली ती पहिल्यासारखी, बसकी. बाबांनी घातलेले जादा पाटे काढायला लावले होते आणि पायरी कापून टाकली होती. मिस्त्रीनं त्यांना वेड्यात काढलं असणार. ते सरळ आत्याच्या खोलीत गेले, तिचं गाठोडं उचललं, सोडलं आणि लुगडी पुन्हा दोरीवर टाकली. "गाडी खाली केली," ते म्हणाले. "आता चढताना पाय दिसन तुले."

"नाल्यात घासन ना गा," आत्या म्हणाली.

"घासू दे."

घासलीच. वर्षभर घासत राहिली. त्या आवाजाबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नाही. डॉक्टरांनी आत्याला मऊ रबराच्या, मागून पट्टा असलेल्या वाहाणा दिल्या. त्या पायातून निसटत नसत. ताट मात्र न्हाणीच्या कट्ट्यावरच राहिलं. मी भांडले, बाबा भांडले, आई ऐकत नव्हती. मला पाहायला येणाऱ्या एका घरानं कळवलं, की आम्ही येत नाही. आईनं तो निरोप ऐकला आणि तांदूळ निवडायला बसली.

पुन्हा दसरा आला. जीपला हार घातला, आईनं ओवाळलं, बाबांनी नारळ फोडला. सगळ्यांनाच मागचा दसरा आठवत होता. आत्या पुढच्या जागेजवळ गेली आणि सवयीनं वाहाणेचा पट्टा सोडायला वाकली.

"राहू द्या, बाई," आई म्हणाली.

"पुजलेल्या गाडीवर?"

"तशाच चढा."

आत्या घोटाळली. पट्टा अर्धा सुटला होता. आईनं आरतीचं ताट जीपच्या बॉनेटवर ठेवलं, जमिनीवर बसली, आत्याचा उजवा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि वाहाण काढली. तळव्यावरचा जुना वण तिनं अंगठ्यानं चाचपून पाहिला, वाहाण पुन्हा चढवली आणि पट्टा घट्ट बांधला. मग उठली, नारळाचं खोबरं फोडून एक तुकडा आत्याच्या हातावर ठेवला, एक माझ्या, आणि एक आपल्या तोंडात टाकला. मी तिच्या हातांकडे बघत राहिले. तिनं ते धुतले नव्हते.