तिसऱ्यांदा

बायको गेल्यापासून सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली. तरी रविवारी विहारात जाऊन बसलो. शेजारी कमलताई होत्या; त्यांचा तरुण मुलगा गेल्या उन्हाळ्यात गेला. वंदनेत त्रिशरण म्हणताना पहिल्याच ओळीला त्यांचा आवाज फुटला. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबला. तिसऱ्यांदा मात्र त्या शेवटपर्यंत गेल्या. शरण तीनदा का जायचं, हे मला कधी कळलं नव्हतं. दुःख आहे, हे ज्या बुद्धाने आधी मान्य केलं, त्याला माणूस एका दमात उठत नाही हेही ठाऊक असणार.

“तुम्ही म्हटलं नाही,” ताई हळूच म्हणाल्या.

“आवाजच निघत नाही.”

“मग नुसतं बसा. पुढच्या रविवारी पुन्हा तीनदा म्हणायचंच आहे.”

मला पुढचा रविवार असेल, हे त्या धरूनच चालल्या होत्या.